बॅलन डी'ओरचे मत पत्रकारांकडेच का असावे?

जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटूला दरवर्षी दिल्या जाणाऱ्या बॅलन डी'ओर पुरस्काराचे मतदान पत्रकार करतात. ज्यांनी स्वतः मोठे सामने खेळलेले नाहीत त्यांच्याऐवजी हा अधिकार कर्णधारांना आणि प्रशिक्षकांना का देऊ नये, असे आपण विचारले आहे. मुंबईतील एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात मी अनेक वर्षे काम केले आहे आणि माझ्या मते हा अधिकार पत्रकारांकडेच राहिला पाहिजे.

आपण सुचवता तो प्रयोग होऊन गेलेला आहे. 'फ्रान्स फुटबॉल' या नियतकालिकाने १९५६ मध्ये हा पुरस्कार सुरू केला, तेव्हापासून मतदान पत्रकारांचेच होते. मात्र २०१० ते २०१५ या काळात तो फिफाच्या पुरस्कारात विलीन झाला आणि राष्ट्रीय संघांचे कर्णधार व प्रशिक्षकही मत देऊ लागले. पहिल्याच वर्षी पत्रकारांच्या मतांत वेस्ली स्नायडर अव्वल होता. इंटर मिलानला त्या हंगामात तिन्ही मोठी विजेतेपदे मिळवून देण्यात आणि नेदरलँड्सला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नेण्यात त्याचा मोठा वाटा होता, तरीही एकूण मोजणीत तो चौथा आला आणि पुरस्कार मेस्सीला मिळाला. २०१५ मध्ये मेस्सीने आपली तिन्ही मते बार्सिलोनातील सहकाऱ्यांना दिली, तर रोनाल्डोने रेआल माद्रिदमधील सहकाऱ्यांना. ज्याच्याबरोबर रोज सराव करायचा त्याला डावलणे कोणालाही जड जाते, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण अशा मताला तटस्थ म्हणता येत नाही. २०१६ पासून मतदान पुन्हा केवळ पत्रकारांकडे आले.

पत्रकारांची उणीव वेगळी आहे आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. कूपरेजवरील एका आंतरशालेय अंतिम सामन्यानंतर सामनावीर निवडण्यासाठी आम्हा तीन पत्रकारांच्या हाती चिठ्ठ्या देण्यात आल्या आणि आम्ही तिघांनीही दोन गोल करणाऱ्या मुलाचे नाव लिहिले. रात्री बातमी लिहिताना वही उघडली, तर सहा क्रमांकाची जर्सी घातलेल्या मधल्या फळीतील मुलाने चेंडू हिसकावून घेतल्याच्या अकरा नोंदी माझ्याच अक्षरात होत्या आणि दोन्ही गोलांची चाल त्याच्यापासूनच सुरू झाली होती. तो मुलगा पुरस्काराविना घरी गेला, याची खंत मला आजही आहे. बॅलन डी'ओरच्या इतिहासातही लेव्ह याशिन (१९६३) हा एकमेव गोलरक्षक विजेता आहे, यावरून आमची नजर कुठे खिळते ते दिसते.

म्हणूनच २०२४ मध्ये बचावाकडे झुकणारा मध्यरक्षक रॉड्री जिंकला याचे मला फार समाधान वाटले. आता प्रत्येक मतदार तीस नामांकितांतून दहा नावे क्रमाने निवडतो. पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १२, आणि असे उतरत दहाव्याला १. रॉड्रीला १,१७० आणि दुसऱ्या आलेल्या विनिसियसला १,१२९ गुण मिळाले. रॉड्रीला पहिला आणि विनिसियसला दुसरा क्रमांक देणाऱ्या केवळ सात पत्रकारांनी हा क्रम उलटा लावला असता, तरी निकाल फिरला असता. शिवाय कोणी कोणाला मत दिले हे नावानिशी छापले जाते, त्यामुळे चुकीच्या निवडीबद्दल वाचक आम्हाला जाब विचारू शकतात.

माझा आक्षेप आहे तो दुसऱ्याच नियमाला. २०२२ पासून पुरुषांच्या पुरस्कारासाठी फिफा क्रमवारीतील पहिल्या शंभर देशांच्याच पत्रकारांना, प्रत्येक देशाला एक याप्रमाणे, मत आहे. भारत त्या वर्षी शंभराच्या बाहेर असल्याने आपल्या पत्रकाराला मतदार यादीत स्थान राहिले नाही. मध्यरात्रीनंतर सुरू होणारे युरोपातील सामने वर्षानुवर्षे जागून पाहणारे आणि सकाळी कार्यालयात त्यांवर लिहिणारे पत्रकार मी मुंबईत जवळून पाहिले आहेत. त्यांच्या पारखीचा आपल्या राष्ट्रीय संघाच्या क्रमवारीशी काय संबंध, हे मला आजवर पटलेले नाही.