जकात म्हणजे टॅक्स की पुण्य? "ते पैसे माझे नाहीतच" असं मुस्लिम माणूस का म्हणतो?

तुम्ही विचारलंय की तुमच्या ऑफिसमधला मुस्लिम सहकारी दर रमजानमध्ये कॅल्क्युलेटर घेऊन जकातीचा हिशोब करत बसतो, तुम्ही त्याचं कौतुक केलं तर म्हणाला "अरे ते पैसे माझे नाहीतच", मग हा धार्मिक टॅक्स आहे की पुण्यासाठीचं दान आणि यात आध्यात्मिक ते काय. मी आलिम (धर्माचा जाणकार) नाही, कोकणातला साधा मराठी मुसलमान आहे, पण हा हिशोब लहानपणापासून घरात बघतोय, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे शब्दानेच घोळ केलाय. मराठीत जकात म्हटलं की जकात नाकाच आठवतो, ट्रकची रांग, पावती, मुंबईत तर 2017 ला जीएसटी येईपर्यंत ती जकात होतीच. त्यामुळे मुसलमान जकात देतात म्हणजे कसला तरी कर भरतात असं वाटणं साहजिक आहे. पण अरबीत या शब्दाचे मूळ अर्थ दोन, शुद्ध होणं आणि वाढणं. खैरात शब्दाचं तर त्याहून वाईट झालं, मूळ अर्थ चांगली कामं, भलाई, आणि आपण म्हणतो "खैरात वाटत सुटलाय". आणि सदका (अल्लाहसाठी दिलेलं दान) हा शब्द ज्या धातूतून येतो त्याचा अर्थ खरेपणा, म्हणजे माणसाचा इमान (अल्लाहवरची श्रद्धा) खरा आहे का तोंडदेखला हे त्याचा हात खिशाकडे जाताना कळतं, असं मला तरी त्यातून समजतं.

आता "माझे नाहीतच" याबद्दल. कुरआनमध्ये 51व्या सूरहमध्ये (अध्यायात) नेक लोकांचं वर्णन आहे की त्यांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो. हक्क हाच शब्द आहे तिथे. म्हणजे वर्षभर (चंद्राचं वर्ष, 354 दिवसांचं) तुमच्याकडे साधारण 612 ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी किंवा त्याहून जास्त बचत राहिली तर त्यातला चाळिसावा हिस्सा, अडीच टक्के, तो तुमचा राहिलेलाच नाही. राहतं घर, वापरायची गाडी यावर नाही, साठलेल्यावर आहे. लाखाला अडीच हजार.

मला हे लहानपणी कळलं ते असं. आमच्याकडे मुंबईहून गावाला निघालं की चाळीतले चार लोक पार्सलं आणून देतात, हे माझ्या आईला दे, हे अमक्याच्या घरी पोचव. गावात गेल्यावर ते पार्सल ज्याचं त्याला दिलं तर कोणी म्हणतं का की वा काय दानशूर माणूस आहे? पोचवलं एवढंच. उलट नाही पोचवलं, स्वतःच फोडून खाल्लं, तर मात्र लोक नाव ठेवतील. जकात तशी आहे. अल्लाहने गरिबाचं पार्सल माझ्या बॅगेत घालून पाठवलंय. तुमचा सहकारी नम्रपणा दाखवत नव्हता, तो खरंच तसंच मानत असणार.

आता तुमचा टॅक्सचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही हेही सांगतो. सुरुवातीच्या काळात मदीनेच्या राज्यात जकात गोळा करायला माणसं नेमली जायची, आणि कुरआनच्या 9व्या सूरहमध्ये जकात कोणाला द्यायची त्या आठ प्रकारच्या लोकांची यादी आहे, गरीब, गरजू, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी वगैरे, त्यात हे वसुली करणारेही आहेत. पाकिस्तानात 1980 च्या कायद्याने बँकेतूनच कापून घ्यायला लागले. आपल्याकडे असं काही नाही, भारतात कोणी विचारायला येत नाही, न दिली तरी नोटीस येत नाही. आणि नियत नसेल, मनात "ही जकात देतोय" हा इरादा नसेल, तर नुसते पैसे हातातून गेले म्हणून जकात अदा होत नाही. टॅक्सला तुमची नियत कोण विचारतो? इथेच दोन्ही वेगळे होतात.

आध्यात्मिक भाग माझ्या मते देण्यापेक्षा देणाऱ्याच्या आत काय होतं त्यात आहे. त्याच 9व्या सूरहमध्ये पैगंबरांना सांगितलंय की यांच्या मालातून सदका घ्या, त्याने तुम्ही त्यांना स्वच्छ कराल. बघा, स्वच्छ कोण होतंय? देणारा. गरज त्याचीच आहे. मोठे इस्लामी विद्वान इमाम गझालींनी (1111 मध्ये वारले) तर असं लिहिलंय की देणाऱ्याने घेणाऱ्याला आपला उपकारकर्ता समजावं, कारण त्याने घेतलं म्हणून तू मोकळा झालास. काही बुजुर्ग तर पैसे तळहातावर ठेवून हात पुढे करायचे, म्हणजे गरिबाने वरून उचलावेत, त्याचा हात वर राहावा.

हे वाचायला छान वाटतं पण पाळायला फार अवघड आहे, मी स्वतः यात पडलोय म्हणून सांगतो. गल्फमध्ये नोकरी लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी एका नात्यातल्या भावाच्या ऑपरेशनला मी पैसे दिले. नात्यात गरजू असेल तर त्याला देणं जास्त सवाबाचं (पुण्याचं), सदकाही होतो आणि नातंही जोडलं जातं, फक्त आईवडील आणि मुलांना जकात चालत नाही कारण त्यांना सांभाळणं तसंही आपलं काम आहे. तर दिले, सगळं ठीक झालं, आणि मग एका लग्नात जेवताना कोणीतरी त्याच्या तब्येतीबद्दल विचारलं तर मी बोलून गेलो की अहो खर्च किती आला ते मला विचारा. एवढंच वाक्य. तो दोन ताटं सोडून बसला होता. त्याने मान खाली घातली ती मला आजही दिसते, त्यानंतर तीन वर्षं तो आमच्या घरी आला नाही आणि थोडे थोडे करून पैसे मात्र परत पाठवले, मी नको म्हणत असताना. सूरह बकरामध्ये 264वी आयत (ओवी) आहे, की उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपले सदके वाया घालवू नका, असा माणूस म्हणजे वर मातीची धूळ बसलेला खडक, जोराचा पाऊस आला की उघडा खडक राहतो. आम्ही कोकणातले, जुलैच्या पावसात कातळ कसा धुऊन निघतो ते बघत मोठे झालो, मला ती आयत कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि त्याच्या आधीच्या आयतीत तर म्हटलंय की मन दुखावणाऱ्या दानापेक्षा एक चांगला शब्द बरा. मी पैसे न देता नुसता दवाखान्यात भेटून आलो असतो तरी बरं झालं असतं.

म्हणून लपवून देण्याला इतकं महत्त्व आहे. उघड दिलं तर चालतं, कुरआनमध्येच आहे की उघड दिलं तरी चांगलं पण लपवून दिलं तर ते जास्त चांगलं. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) तर उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये असं आहे. पैगंबरांचे पणतू हजरत झैनुल आबिदीन यांच्याबद्दल सांगतात की मदीनेत रात्री अंधारात पाठीवर पोती घेऊन गरिबांच्या घरी धान्य, रोट्या पोचवायचे, घेणाऱ्यांना माहीतच नव्हतं कोण देतं, ते वारले आणि येणं बंद झालं तेव्हा कळलं, आणि गुस्ल देताना (मयताला आंघोळ घालताना) पाठीवर ओझ्याचे काळे वण दिसले.

आमची दादी हेच तिच्या परीने करायची. आम्ही कोकणी लोक शाफई (सुन्नींमधला एक पंथ), आमच्यात रमजान ईदच्या नमाजाआधी जो फितरा (ईदचं दान) देतात तो धान्यातच द्यायचा असतो, म्हणजे आमच्याकडे तांदूळ, घरातल्या माणशी साधारण अडीच-तीन किलो, रोजे न ठेवणाऱ्या लहान पोराच्या नावानेही. दादी आम्ही जो तांदूळ खायचो तोच मोजायची, रेशनचा जाडा नाही. कुरआनमध्ये आहे की जे तुम्हाला कोणी दिलं तर डोळे मिटूनच घ्याल असलं वाईट काढून देऊ नका. मग मगरीबनंतर (संध्याकाळच्या नमाजानंतर) मला घेऊन मागच्या दाराने जायची आणि फितरा किंवा जकात हा शब्द तोंडातून काढायची नाही, "आमच्याकडं जास्त झालाय, ठेव" एवढंच. शरियतप्रमाणे घेणाऱ्याला ही जकात आहे असं सांगणं गरजेचं नाहीच, मनात नियत असली की झालं. लोकांना हे माहीत नसतं आणि सांगून सांगून समोरच्याला लाजवतात. हल्ली किट वाटताना फोटो काढतात ते बघून मला खरंच त्रास होतो, घेणाऱ्या बाईचा चेहरा तरी नका हो दाखवू.

(जाता जाता, माझ्या बायकोचं माहेर मिरजेकडचं, हनफी, म्हणजे सुन्नींमधलाच दुसरा पंथ. त्यांच्यात दागिन्यांवरही जकात आहे, आमच्या शाफईत बायकांच्या अंगावरच्या नेहमीच्या दागिन्यांवर नाही. ती दर रमजानला बांगड्या वजन करून काढतेच, मी कधी अडवलं नाही.)

तुम्ही दुसरं विचारलं होतं की गरीब मुसलमानाला मग हे पुण्य मिळतच नाही का. हाच प्रश्न पैगंबरांना त्यांच्या गरीब साथीदारांनी विचारला होता, की श्रीमंत आमच्यासारखे नमाज पढतात, रोजे ठेवतात आणि वर सदका देऊन पुढे निघून जातात. तेव्हा सांगितलं की अल्लाहचं नाव घेणं सदका आहे, चांगलं सांगणं सदका आहे. दुसऱ्या हदीसमध्ये रस्त्यातला काटा बाजूला करणं, भावाकडे हसून बघणं हेही सदका म्हटलंय. आणि मुसलमानालाच द्यायचं असं जे लोक म्हणतात तर जकात बहुतेक उलेमांच्या (धर्माच्या जाणकारांच्या) मते मुसलमान गरिबांसाठी आहे, पण सदका कोणालाही देता येतो, शेजारी कोणत्याही धर्माचा असो, जनावर असलं तरी.

मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांची आहे. घरात बकरी कापली होती, पैगंबरांनी विचारलं काय शिल्लक राहिलं, त्या म्हणाल्या फक्त खांदा राहिलाय, बाकी सगळं वाटून टाकलं. ते म्हणाले, खांदा सोडून सगळं राहिलंय. तुमच्या सहकाऱ्याच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग हा आहे, दिलेलंच काय ते माझं, ठेवलेलं माझं नाही.

आमच्या घरामागे दादीने लावलेला एक रायवळ आंबा आहे. मे महिन्यात शेजारच्या वाडीतली पोरं दगड मारून पाडायची, काका वैतागून कुंपण घालायला निघाले तर दादीने अडवलं, म्हणाली हदीस आहे, लावलेल्या झाडाचं माणसाने खाल्लं, पाखराने खाल्लं, अगदी चोरून नेलं तरी लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिला जातो, मला वर गेल्यावर कोण पाठवणार आहे, ही पोरंच पाठवतील. ती जाऊन पंधरा वर्षं झाली. झाड अजून धरतं, कुंपण आम्ही घातलेलं नाही.