पिवळं दिसलं की सोनकी? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : नमस्कार ताई, गणपती झाल्यावर आम्ही ऑफिसातले सहा जण साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाऊन आलो, शंभरेक फोटो काढले. घरी येऊन अ‍ॅपमध्ये टाकले तर एकाच पिवळ्या फुलाला तीनदा तीन नावं आली, ग्रुपवर एकजण म्हणाला सोनकी, दुसरी म्हणाली मिकी माउस, आणि जांभळ्यांचं तर विचारूच नका. नवशिक्याने ओळखायचं तरी कसं? सोबत आठ फोटो पाठवतेय. (नाशिक)

उत्तर : अ‍ॅपला नावं ठेवण्याआधी तुमचे फोटो बघा बरं. आठही फोटोंत फूल वरून, झूम करून, मागे सगळं ब्लर, आणि पान एकातही नाही! रागावू नका, मीही पहिली दोन वर्षं हेच केलंय आणि घरी येऊन कपाळाला हात लावलाय. रंगावरून ओळखायला जाल तर फसालच कारण सड्यावर (म्हणजे खडकाळ पठारावर) रंग मोजून चार-पाच आणि झाडं शेकड्यांनी.

तुमच्या पिवळ्या दोघी एकमेकींच्या लांबच्याही नात्यात नाहीत. सोनकी झेंडू-सूर्यफुलाच्या घरातली, म्हणजे आपण जिला पाकळी म्हणतो ती प्रत्येक पाकळी खरं तर एकेक वेगळं फूल असते, मधल्या गोल गादीत आणखी बारकी फुलं दाटीने बसलेली असतात, आणि फूल उलटं केलं की खाली हिरवा पेला दिसतो. मिकी माउस म्हणजे आपला कवला, हा वाल-पावट्याच्या घरातला. वरची पाकळी मधे खाचलेली म्हणून ते दोन कान, त्यावर दोन तांबडे ठिपके, आणि पान चिंचेसारखं बारक्या पानांचं मिळून झालेलं. (याच्याच भावंडाची कोवळी पानं पावसाळ्यात भाजीला येतात, कांदा घालून मस्त लागते.) एक पान फोटोत आलं असतं तर भांडण तिथंच मिटलं असतं.

जांभळ्यांचं पण तसंच. सीतेची आसवं म्हणजे बारीक काडीवरची ओठांसारखी दुमडलेली फुलं, पान शोधून सापडत नाही, कारण खरी गंमत मातीखाली आहे. जांभ्यावरच्या त्या पातळ ओल्या मातीत नायट्रोजनची बोंब, म्हणून मुळांसारख्या धाग्यांवर बारक्या पिशव्या असतात आणि त्यात सूक्ष्म जीव ओढून घेऊन हे झाड त्यांवर जगतं. नभाळीला मात्र सरळ तीन पाकळ्या आणि पुंकेसरांवर दाट लव, ती लव भिंगाशिवायही दिसते. तेरडा ओळखायला फूल बाजूने धरा, मागे वाकडी नळी दिसेल. मग पानं बघा, समोरासमोर जोडीने की एकाआड एक, कारण सड्यावरचा एक तेरडा समोरासमोर पानांचा आहे आणि आपल्या गौरीत येतो तो तसा नाही.

पुढच्या वेळी एका झाडाचे चार फोटो काढा. अख्खं झाड, पान खोडाला जुळतं ती जागा, फूल बाजूने आणि फूल मागून. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, नाहीतर दोन बोटांचं झाड फोटोत कमरेएवढं वाटतं.

प्रश्न : टाकळ्याला आईच्या जुन्या पुस्तकात कॅसिया टोरा लिहिलंय आणि नेटवर सेन्ना टोरा. चूक कोणाची? (कुडाळ)

उत्तर : कोणाचीच नाही. झाडांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये त्याला कॅसियात टाकलं. कॅसिया हे खूप मोठं एकत्र कुटुंब होतं, नंतर बारकाईने पाहणाऱ्यांना वाटलं की यात दोन-तीन वेगळी बिऱ्हाडं आहेत. बहाव्याच्या फुलात तीन लांब, वाकलेले पुंकेसर लोंबतात, तो कॅसियातच राहिला. टाकळा आणि तरवड यांच्यात तसे नसतात, ते सेन्नात गेले. आडनाव, म्हणजे पहिला शब्द, बदललं, टोरा तसंच राहिलं, म्हणून जुन्या पुस्तकात शोधताना शेवटचा शब्द आधी बघा. मराठी नावांवर तर फार विसंबूच नका, कारवी आणि टोपली कारवी दोन वेगळ्या, आणि एका गावचं नाव घाट उतरला की दुसऱ्याच झाडाला लावलेलं असतं.

प्रश्न : ओळखण्यासाठी कासहून दोन झाडं उपटून आणली तर काय बिघडतं? (पुणे)

उत्तर : बिघडतं हो. ही वनखात्याची जागा आहे, 2012 साली पश्चिम घाटाच्या ज्या 39 जागा जागतिक वारशात गेल्या त्यांत कास आहे. आणि तेरड्यासारखी झाडं एका पावसाळ्याची, उपटलं की पुढच्या वर्षीचं बी गेलं. दाबून वाळवलेले नमुने बघायचेच असतील तर तुमच्या पुण्यातच भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे, आधी विचारून जा. सड्यावर हात शिवशिवलेच तर तेरड्याचं पिकलेलं बोंड दोन बोटांत हलकेच दाबा, फट्‌कन फुटतं आणि बिया तिथल्या तिथे उडतात.