शाळेतली फी, हजेरी आणि निकालाची वेगवेगळी सॉफ्टवेअर एकमेकांशी कशी जोडायची?

आधी प्रत्येक मुलाचा एकच क्रमांक ठरवा. नावावरून जुळवायला जाऊ नका: इंग्रजीत चव्हाण लिहिताना एकीकडे एक एच, दुसरीकडे दोन, की झाल्या एकाच मुलीच्या दोन नोंदी! जनरल रजिस्टरचा नंबर शाळेपुरताच चालतो. यूडायस प्लस या सरकारी शाळा-माहिती पोर्टलचा 11 अंकी पेन (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) शाळा बदलली तरी कायम राहतो. म्हणून तोच सगळीकडे भरा. नाव, जन्मतारीख दुरुस्त करायची ती फक्त प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बाकीच्यांनी तिथून उचलायची. विक्रेत्याकडे एपीआय (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात माहिती आपोआप नेण्याची सोय) आहे का, हे पैसे भरण्याआधीच विचारा. नसेल तर रोज रात्री सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारी साध्या तक्त्याची फाइल) पाठवूनही लहान शाळेचं छान भागतं. आधार नंबर मात्र या फाइलींमधून अजिबात फिरवू नका, लहान मुलांची माहिती आहे ती.