जबड्याखाली हात लावून बघ

भाऊ, म्हशी पहिल्यांदाच घेतल्यास म्हणून सांगतो. दूध आटलं की लोक आधी ढेपेला, म्हणजे पेंडीला, दोष देतात. तू जबड्याखाली हात लाव. पाणी भरल्यासारखी मऊ सूज, दाबल्यावर खळगा राहतो, पापणीची आतली बाजू पांढुरकी... मग यकृतातल्या चपट्या कृमीचा संशय घे. माझी एक अशीच खंगत गेली आणि मी आपला कॅल्शियम पाजत बसलो!

रामटेक-मौद्याकडे धानाच्या बांध्या (शेतं), बोड्या (लहान तळी) भरपूर. तिथल्या पाणगोगलगायीत हा कृमी वाढतो, गवताला चिकटून म्हशीच्या पोटात जातो आणि यकृत पोखरत पित्तनळीत पोचतो.

ताजं शेण डबीत घालून नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ने. अंडी सापडली नाहीत तरी लक्षणं सांगच. कोवळे कृमी अंडी घालत नाहीत. ऑक्सिक्लोझॅनाइड हे औषध मोठ्या कृमींवर चालतं, ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्यांवरही. मात्रा डॉक्टर वजन बघून ठरवतील. औषधानंतर किती दिवस दूध विकायचं नाही, तेवढं विसरू नको विचारायला. बोडीकाठचं गवत हिरवं टाकू नको, उन्हात कडक वाळव. पाणी विहिरीचं पाज.