"ताई, कुणाला सांगू नका"

दरवर्षी जून-जुलै आला की माझ्याकडं दोघं-तिघं तरी हाच प्रश्न घेऊन येतात. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं एमए म्हणा) झालेलं असतं, पोरापोरींसोबत काम करून वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं, आणि विचारतात की मॅडम, हे काम माझ्याच्यानं होईल का, का सोडून द्यावं आणि गप तलाठी भरतीचा अभ्यास करावा. पगाराचं कारण सगळेच सांगतात आणि ते खरंच असतं, पण बहुतेक वेळा त्याच्या खाली दुसरं काहीतरी दडलेलं असतं. त्यातल्या एकीचं सांगते, तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

बीड जिल्ह्यातली, 26 वर्षांची. एका संस्थेत किशोरवयीन मुलींचे गट चालवती, 9 गावं, 11 महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, स्कूटी स्वतःची आणि पेट्रोलचे पैसे दोन-दोन महिने उशिरा. अंबाजोगाईला माझ्याकडं आली ती म्हणाली, "मॅडम, मला झोपच येईना गेलीय." घरी आई म्हणती, दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं मोडत फिरतीस, तुझं कोण जमवणार? मामानं तर तोंडावर सांगितलं की ही काय नोकरी आहे का.

आणि मग तिनं एका मुलीचं सांगितलं. नववीतली, 15 वर्षांची, गटात सगळ्यात जास्त बोलणारी. दसरा झाला आणि आई-बाप ऊसतोडीला निघाले, हिलाबी सोबत नेलं, कारण वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर सोडायची? ही भीती खोटी नसती, तिला नुसतं अडाणीपणा म्हणून उडवून लावणाऱ्यांचा मला रागच येतो. त्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्या हिशोबावर मिळती, म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकलं की नवीन जोडी तयार होती. जानेवारीत तिकडंच कारखान्याच्या तळावर, मजुरांच्या कोप्यांमध्ये (झोपड्यांत) लग्न लागलं. त्या रात्री मुलीचे 3 मिस्ड कॉल होते आणि ताईचा फोन सायलेंटवर होता.

मी पहिल्या भेटीत एक चूक केली, लगेच म्हणाले की यात तुझा दोष नाही. ती मान हलवत राहिली आणि पुढच्या भेटीला आलीच नाही. 3 आठवड्यांनी आली तेव्हा मी गप बसले, नुसतं विचारलं की त्या कॉलच्या आधी शेवटचं बोलणं कधी झालं होतं. खूप वेळानं म्हणाली, नोव्हेंबरमध्ये. मुलीचा फोन आला होता की घरात लग्नाचं बोलणं चाललंय, "ताई, कुणाला सांगू नका, बापाला कळलं तर मारून टाकतील." आणि हिनं शब्द दिला होता, नाही सांगणार.

खरी गाठ तिथं होती, त्या मिस्ड कॉलमध्ये नव्हतीच. दीड महिना ती हे एकटी घेऊन फिरत होती, ऑफिसात सुद्धा बोलली नाही, कारण पोरीचा विश्वास मोडला असता.

पोरांसोबतच्या कामात ही जागा सगळ्यात अवघड असती, आणि सगळ्यात मोलाचीबी हीच असती. घरात कुणाला सांगितलं नाही ते एखादं पोरगं तुमच्याजवळ बोलतं तेव्हा वाटतं की आता मरेपर्यंत तोंडातून काढायचं नाही. पण 15 वर्षांच्या लेकरानं सांगितलेलं सगळंच गुपित ठेवता येत नाही. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोक्सो कायद्यानं (2012 चा) कळवणं बंधनकारकच आहे, आणि बालविवाहाचा धोका दिसला तर 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, दिवसरात्र चालतो. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, जिल्ह्याला बालकल्याण समिती असती. हे सगळं तिला पाठ होतं, पेपरात लिहून पास झालेली पोरगी ती. पण फोनवर रडणाऱ्या लेकराला नेमकं काय बोलायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग आम्ही तेच केलं. दोन भेटी नुसतं बोलून बघितलं, मी ती मुलगी झाले आणि ती ताई. शेवटी तिला तिच्याच भाषेत वाक्य सापडलं, "तुझं मी जपीन, पण तुझ्या जिवाचा नाहीतर लग्नाचा प्रश्न आला तर ते मी एकटीजवळ ठेवणार नाही, आणि कुणाला सांगायचं ते आधी तुला सांगीन." आता प्रत्येक गटात ती हे पहिल्याच दिवशी बोलती, आणि पोरींना वहीच्या मागच्या पानावर तीन नंबर लिहायला लावती, 1098, अंगणवाडीताईचा आणि मग स्वतःचा.

मला हे इतकं लागलं कारण मीबी तसलीच. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर कॉलेजातून आम्ही किल्लारीकडं मदतीला गेलो होतो, लेकरांसोबत बसायचं काम होतं, आणि परत आल्यावर आम्हाला झोप लागती का हे कुणीच विचारलं नाही. म्हणून तिला एक गोष्ट मी अक्षरशः हट्टानं करायला लावली, संस्थेत लेखी मागणी की महिन्यातून एकदा केसवर बोलायला सीनिअर माणूस पाहिजे. दोनदा टाळलं त्यांनी. तिसऱ्यांदा ऐकलं.

सोडायचं का, यावर मी काहीच सांगितलं नाही. गेल्या वर्षी एका पोरानं सोडलं, आता बँकेत आहे आणि त्याचं बरोबरच होतं, घरात कर्ज होतं आणि झोप त्यालाबी नव्हती. तिला एवढंच म्हणाले की झोप नीट लागायला लागली की मग ठरव.

पंचमीला ती मुलगी माहेरी आली आणि स्वतःहून हिच्या घरी गेली. ही दारातच रडली म्हणे, ती रडली नाही. तिनं विचारलं, गट अजून भरतो का, आणि दहावी बाहेरून देता येती का. मग बाहेरून परीक्षेला बसायच्या 17 नंबरच्या फॉर्मचं बोलणं झालं, आणि हेबी की असं लग्न रद्द करायला तिला वयाची 20 वर्षं पूर्ण होईपर्यंत कोर्टात अर्ज करता येतो. त्यावर ती काहीच बोलली नाही, फक्त वही मागितली आणि दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या.

कॉन्ट्रॅक्ट ऑक्टोबरमध्ये संपतंय. पुढं काय ते अजून ठरलं नाही, पण परवा फोन आला तेव्हा म्हणाली, मॅडम, काल रात्री 10 ला झोपले ते डायरेक्ट 6 ला उठले.