कंपनी काढली तर फ्लॅट वाचेल का?

जुन्या पुस्तकांच्या खरेदी-विक्रीची साइट तुम्ही एकट्याने चालवता आणि उद्या कुणी दावा ठोकला तर राहता फ्लॅट जाऊ नये म्हणून कंपनी काढू का, असं विचारलंय. काढा. मीही काढलीय, ओपीसी, म्हणजे एकाच माणसाची कंपनी. २०१३च्या कंपनी कायद्याने ती सोय झाली.

आज तुम्ही आणि तुमचा धंदा कायद्याच्या लेखी एकच आहात. कंपनी झाली की होस्टिंगचं थकलेलं बिल, पैसे परत मागणारा ग्राहक, सगळे कंपनीच्या दारात. तुमचं बुडेल ते घातलेलं भांडवल. लंडनच्या सॉलोमन नावाच्या बूटवाल्याच्या खटल्यात १८९७ साली हे पक्कं झालं. त्याच्या कंपनीतले बाकीचे भागधारक बायको-मुलंच होती!

पण कर्ज काढलंत की गंमत कळते. माझ्या फाइलीत पानापानावर ‘डायरेक्टर’चा शिक्का मारून सही करत होतो. शेवटून दुसऱ्या पानावर बँकेतल्या साहेबांनी हात धरला, "इथे शिक्का नको, नुसती सही करा." ते वैयक्तिक हमीपत्र होतं, म्हणजे कंपनीने कर्ज फेडलं नाही तर ते मी फेडायचं. त्या एका सहीपुरती कंपनी असून नसल्यासारखी.

फौजदारी भानगडीतही कंपनी तुम्हाला वाचवायला आडवी येत नाही. बाझी डॉट कॉम या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर एका वापरकर्त्याने अश्लील क्लिप विकायला ठेवली आणि डिसेंबर २००४ मध्ये अटक झाली कंपनीच्या प्रमुखाला, अवनीश बजाज यांना. २०१२ साली सुप्रीम कोर्टात सुटले, तेही कंपनीलाच आरोपी केलं नव्हतं म्हणून. आयटी कायद्याचं कलम ८५ कारभार पाहणाऱ्याला धरतं, आणि तुमच्याकडे कारभार पाहणारे तुम्हीच. इथे आधार कलम ७९चा. लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल साइटवाल्याला संरक्षण मिळतं, पण कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर मजकूर काढला तरच. त्याच संरक्षणासाठी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर ठळक टाका.

ग्राहकांचे पैसे स्वतःच्या बचत खात्यात, जीपेवर, अजिबात घेऊ नका. तुम्हीच दोन खिसे एक केलेत तर कोर्टात वेगळे कसे दाखवणार?

आणि सीए आधी गाठा. एओसी-४, म्हणजे कंपनीचा वार्षिक हिशेब सरकारला देण्याचा फॉर्म, उशिरा भरला तर दिवसाला १०० रुपये लागतात, धंदा होवो न होवो. मी एका वर्षी विसरलो होतो. तेव्हा माझ्या साइटची दिवसाची कमाईही तेवढी नव्हती.