एआर-१५ आणि एके धाटणीच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींत बांधणी आणि अचूकता कोणाची सरस?

अचूकतेत सहसा एआर-१५. फ्री-फ्लोट हँडगार्ड (हात धरायचं, नळीला न टेकणारं आवरण) असेल तर नळीवर बाहेरचा दाब येत नाही. एकेत बोल्ट कॅरियरला (गोळी झाडल्यावर मागेपुढे सरकणारा भाग) जोडलेला जड पिस्टन नळीच्या वरच पुढेमागे होतो, त्याने नेम हलू शकतो. अचूकता एमओएमध्ये (कोनाचं माप) मोजतात; १ एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंमीचा गट, म्हणजे गोळ्यांच्या खुणांचा पसारा. चांगली एआर चांगल्या काडतुसांवर तिथवर जाते, एकेकडून ३-४ एमओए धरून चाला.

बांधणीचं म्हणाल, तर एकेचा पत्र्याचा रिसीव्हर (यंत्रणा बसवलेला मधला सांगाडा) पाहून नाक मुरडू नका. रिव्हेट घट्ट आहेत का, पुढची साइट (नेम धरायची माशी) तिरकी नाही ना, हे बघा. आणि कोणी तीन गोळ्यांचा गट दाखवून फुशारकी मारली, तर दहा गोळ्यांचा मागा!